जुना मोबाईल देऊन घमेलं घेण्याआधी

फुलंब्री तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांच्या ताया, मावश्या, लेकी-सुनांनो, आम्ही गट समन्वयक बोलतोय. स्वयंपाक उरकला असेल तर रेडिओ थोडा जवळ घ्या, आणि घरातली पोरगी कॉलेजात जात असेल तर तिलाही हाक मारा. आजचा विषय आहे घरातला जुना मोबाईल, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह आणि जुना लॅपटॉप. या वस्तू घराबाहेर देताना त्यातली माहिती कशी पुसायची, आणि पुसता येत नसेल तर ती वस्तू कशी मोडायची, ते आज बोलू.

हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही, तो आमच्याच एका गटात घडला. मोटारसायकलवर घमेली, टोपल्या, बादल्या बांधून एक जण गावात येतो. पुढे भोंगा लावलेला असतो आणि त्यात रेकॉर्ड केलेला आवाज, "जुना मोबाईल द्या, बंद मोबाईल द्या, फुटका मोबाईल द्या, घमेलं घ्या, टोपलं घ्या!" दिवाळीची साफसफाई चालू होती. आमच्या गटाच्या सचिव ताईंनी कपाटातला काच तडकलेला मोबाईल दिला आणि दोन घमेली घेतली. सौदा फायद्याचाच वाटला.

पुढच्या बैठकीत बँकेच्या कर्जाच्या फाईलसाठी एका ताईच्या आधारचा फोटो लागला. सचिव ताई म्हणाल्या, "ते जुन्या फोनात होते, देताना सगळे डिलीट मारले." तिथे एका ताईंची कॉलेजात जाणारी मुलगी बसली होती. तिनं विचारलं, "मावशी, मेमरी कार्ड काढलं होतं ना?" कार्ड फोनमध्येच राहिलं होतं. सचिव ताई म्हणाल्या, "पण त्यातलंही सगळं डिलीट केलंय की गं." पोरगी म्हणाली, "डिलीट केलेलं परत येतं, मावशी. माझ्या मैत्रिणीनं मोबाईलवरच फुकटचं ॲप टाकून पुसलेले फोटो काढले होते."

बैठक गप्प झाली. मग त्या कार्डात काय काय होतं, ते आम्ही आठवून वहीत लिहून काढलं. अकरा जणींचे आधार. अकरा पासबुकांची पहिली पानं. काही जणींचे पॅन कार्ड. सह्या असलेल्या ठरावांचे फोटो. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण'चे अर्ज भरताना गल्लीतल्या बायांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले कागद. आणि आमच्या एका ताईंच्या दवाखान्याचे रिपोर्ट. त्यांनी उपचारासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं होतं. आजार काय आहे ते त्यांनी फक्त अध्यक्ष आणि सचिव ताईंना सांगितलं होतं, सासरी सांगितलं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ते कागद आता कोणाकोणाच्या हाती जातील?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो गाडीवाला पुन्हा त्या गावात आला नाही. आजपर्यंत कोणाचे पैसे गेलेले नाहीत, पण त्या ताईंना उत्तर देता आलं नाही ही बोच राहिली. म्हणून आम्ही हा विषय शिकायला घेतला. जे समजलं ते तुम्हाला सांगतोय.

डिलीट केल्यावर नक्की काय होतं?

आपल्या गटाची खातेवही डोळ्यासमोर आणा. पहिल्या पानावर अनुक्रमणिका असते, कोणाचं खातं कोणत्या पानावर ते त्यात लिहिलेलं असतं. आपण फोटो डिलीट करतो, तेव्हा मेमरी कार्ड फक्त अनुक्रमणिकेतली ती ओळ खोडतं. आतलं पान तसंच राहतं. आपल्याला फोटो दिसत नाही, कारण गॅलरी अनुक्रमणिका बघून फोटो दाखवते. पण कोणी पान-पान उलटून पाहिलं तर खातं सापडतंच. फोटो परत आणणारी ॲप हेच करतात. त्या पानावर दुसरं काही लिहिलं गेलं, की मगच जुनं जातं. झटपट फॉरमॅट मारलं तरी तेच, पूर्ण अनुक्रमणिका फाटते आणि पानं शाबूत राहतात.

शिकल्या-सवरलेल्यांचीही यात चूक होते. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेतल्या दोघा विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरची माहिती साठवायची पेटी. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं, दवाखान्याची माहिती आणि हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर सापडले. एक डिस्क तर एटीएम मशिनमधली होती. त्यांनी हे २००३ साली छापून प्रसिद्ध केलं. विकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी आमच्या सचिव ताईंसारखंच "सगळं डिलीट केलंय" असं मानलं होतं.

आपल्या फोनचं कोणाला काय करायचंय?

हा प्रश्न आम्हीही विचारला. त्याचं उत्तर मराठवाड्याला लागून असलेल्या तेलंगणात मिळालं. ऑगस्ट २०२४ मध्ये रामगुंडम पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, गोदावरीखनी इथे, पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडलं. त्यांच्याकडे गोण्यांत भरलेले सुमारे चार हजार जुने मोबाईल होते. गावोगाव फिरून, थोडे पैसे किंवा प्लास्टिकचं सामान देऊन ते गोळा केलेले होते. हे फोन दुरुस्त करून झारखंडातल्या जामतारा, देवघर भागातल्या ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांकडे जाणार होते, असं पोलिसांनी सांगितलं.

म्हणून काही प्रत्येक भांडीवाला चोर ठरत नाही. बहुतेक जण पोटासाठी फिरतात आणि फोनचे सुटे भाग विकतात. पण त्याच्या गोणीतून फोन पुढे कोणाकडे जातो, हे त्यालाही माहीत नसतं.

आधार, पासबुकाचं पान आणि सही एकत्र सापडली की भामट्याचं काम सोपं होतं. तो फोन करतो, आपलं नाव, बँक, खात्याचे शेवटचे आकडे बरोबर सांगतो आणि आपला विश्वास बसतो. ई-आधारच्या फाईलला पासवर्ड असतो खरा. पण तो असतो आपल्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. दोन्ही आधारच्या फोटोवर छापलेलंच असतं, म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून ठेवल्यासारखं झालं.

चालू स्मार्टफोन देताना

आता कामाचं सांगतो. वही-पेन घ्या.

पहिलं, हवे असलेले फोटो आणि फोन नंबर नव्या फोनमध्ये घ्या, आणि ते आलेत याची खात्री करा.

दुसरं, सिम कार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्या. फोन कितीही नीट पुसला तरी मेमरी कार्ड आपोआप पुसलं जात नाही, ते वेगळं असतं. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी आजचा कार्यक्रम ऐकल्याचं सार्थक झालं.

तिसरं, फोनपे, गुगल पे, बँकेचं ॲप यातून बाहेर पडा. नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू केलं की जुन्यावरचं बंद होतं, पण आलेले फोटो जुन्या फोनमध्ये तसेच पडून असतात.

चौथं, सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'मध्ये जाऊन आपलं गुगल खातं काढून टाका. ते राहिलं तर घेणाऱ्याला फोन वापरता येत नाही, आणि तो पासवर्ड मागत आपल्या दारात येतो.

पाचवं, सेटिंग्जमध्ये 'रीसेट' शोधा आणि त्यातलं 'सर्व डेटा मिटवा' म्हणजेच फॅक्टरी रीसेट निवडा. फोन बंद होऊन चालू झाला आणि नव्यासारखी भाषा विचारायला लागला, की काम झालं.

रीसेट केल्यावर तरी माहिती परत येते का, असं कोणी विचारेल. साधारण २०२० नंतर बाजारात आलेल्या स्मार्टफोनमध्ये सगळी माहिती आतल्या आत कुलूपबंद असते. रीसेट केलं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. पेटी उरली तरी ती कोणाला उघडता येत नाही. फोन त्याहून जुना असेल तर एक जास्तीचं काम करा. रीसेट झाल्यावर गुगल खातं न टाकता कॅमेरा चालू करून फोन भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि जागा भरेपर्यंत व्हिडिओ निघू द्या. मग पुन्हा रीसेट करा. खातेवहीच्या पानांवर भिंतीचं चित्र काढून टाकल्यासारखं होतं, खालचं अक्षर लागत नाही.

फोन विकताना आयएमईआय नंबरही लिहून ठेवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की पंधरा आकड्यांचा नंबर दिसतो. तो त्या फोनचा आधार नंबरच समजा. फोन कोणाला दिला, कोणत्या तारखेला दिला, ते वहीत लिहून घेणाऱ्याची सही घ्या. उद्या त्या फोनवरून काही गैरप्रकार झाला आणि शोध आपल्यापर्यंत आला, तर दाखवायला कागद पाहिजे.

मेमरी कार्ड, सिम आणि पेन ड्राइव्ह

गटाचे कागद ज्या मेमरी कार्डात ठेवले होते, ते कार्ड कोणालाही देऊ नका, विकू नका. नवं कार्ड काही फार महाग नसतं. काम संपलं की त्याचे तुकडे करा. आमच्याकडे यासाठी सगळ्यात चांगलं हत्यार निघालं आजीचा अडकित्ता! नखाएवढ्या कार्डाचे अडकित्त्यात धरून चार तुकडे होतात. तुकडा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून वर जाड फडकं धरा. अडकित्ता नंतर धुऊन ठेवा, नाहीतर आजी आम्हाला बोल लावतील.

सिम कार्डही असंच, पिवळ्या चकतीच्या मधोमध कापायचं. पण सिम कापलं म्हणून नंबर बंद होत नाही. नंबर सोडायचा असेल तर आधी बँकेत आणि आधारमध्ये नवा नंबर लावून घ्या. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, हे दूरसंचार नियामक मंडळ, म्हणजे ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं. मग आपल्या बँकेचा ओटीपी त्या नव्या माणसाच्या फोनवर वाजू शकतो.

पेन ड्राइव्हचं वरचं टोपण मोडून उपयोग नाही. आत हिरवी पट्टी असते, तिच्यावर काळी चौकोनी चिप असते. माहिती त्या चिपमध्ये असते. गोणपाटात गुंडाळून हातोडीनं ती चिप फोडायची. पेन ड्राइव्ह गटातच पुन्हा वापरायचा असेल तर कॉम्प्युटरवर फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढा. मग वेळ जास्त लागतो, कारण कॉम्प्युटर अनुक्रमणिका फाडून थांबत नाही, एकेक पान कोरं करत जातो.

लॅपटॉप आणि कॉम्प्युटर

ग्रामसंघाचा किंवा मुलांचा जुना लॅपटॉप भंगारात देताना आतली हार्ड डिस्क काढून घ्या. दुकानदाराला सांगितलं की दोन-चार स्क्रू काढून तो देतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये आरशासारख्या चकत्या असतात. ती वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ड्रिलनं चकत्यांच्या आरपार तीन-चार भोकं पाडून घ्या. लॅपटॉपमधल्या काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात, म्हणून तोंड-डोळे सांभाळा. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात चकत्या नसतात, काळ्या चिपा असतात. तिथे लोहचुंबक फिरवून काही होत नाही, प्रत्येक चिप फुटली पाहिजे.

लॅपटॉप चालू स्थितीत कोणाला द्यायचा असेल तर 'रीसेट धिस पीसी' या सोयीत जाऊन 'सगळं काढून टाका' आणि त्यापुढचं 'ड्राइव्ह साफ करा' हे दोन्ही निवडा. दोन-चार तास लागतात. लागू द्या.

चालूच न होणारा फोन

हा खरा अडचणीचा. काच काळी पडली, फोन उठत नाही, म्हणजे आतलं गेलं असं आपण समजतो. आतली चिप मात्र जिवंत असते. दुरुस्तीवाल्यानं दुसरा स्क्रीन लावला की फोन उठतो. म्हणून बंद फोन घमेल्यावर देऊ नका. ओळखीच्या दुकानात चालू करून आपल्यासमोर रीसेट करून घ्या. तेही जमत नसेल तर सिम-कार्ड काढून फोन घरात पेटीत ठेवा.

फोन फोडायचं मनात आलं तरी आधी थांबा. आतल्या बॅटरीवर हातोडी पडली किंवा खिळा घुसला तर ती पेट घेते. फुगलेली बॅटरी तर दाबूसुद्धा नका. चुलीत किंवा उकिरड्यावर फोन जाळू नका, तो धूर विषारी असतो आणि लेकरांच्या छातीत जातो. बॅटरी वेगळी करायचं काम दुकानदाराकडूनच करून घ्या.

मोडलेल्या वस्तूंचं काय करायचं? १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. जुन्या वस्तूंची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी त्या बनवणाऱ्या कंपन्यांवरही आहे. आमच्या गटांनी ठरवलंय की ग्रामसंघात एक गोणी ठेवायची, तुकडे केलेल्या वस्तू तीत टाकायच्या, आणि वर्षातून एकदा संभाजीनगरला अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊन पावती घ्यायची. बॅटऱ्या गोणीत टाकायच्या नाहीत, वेगळ्या ठेवायच्या.

झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जाचं दुकान

आपली माहिती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरही पडून असते. अर्ज भरायला दुकानात जातो, त्याच्या नंबरवर आधार पाठवतो आणि प्रिंट घेऊन निघून येतो. फाईल तिथेच राहते. काम झालं की थांबा आणि म्हणा, "दादा, माझी फाईल डाउनलोडमधून पुसा, आणि रिसायकल बिनमधूनही काढा." लाजायचं कारण नाही. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या एका कार्यालयानंही मे २०२२ मध्ये असं सांगितलं होतं, की सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवलं तर त्याच्या सगळ्या प्रती कायमच्या पुसा. ते पत्रक दोन दिवसांत मागे घेतलं गेलं, पण हा सल्ला आपल्याला धरून ठेवण्यासारखा आहे. आपलं व्हॉट्सॲप दुकानाच्या कॉम्प्युटरवर जोडलं असेल तर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते तोडा.

दिलाच असेल तर?

ऐकता ऐकता कोणाच्या तरी पोटात गोळा आला असेल. घाबरू नका, अजून करता येण्यासारखं आहे.

नव्या फोनवर गुगल खात्याच्या 'सुरक्षा' भागात आपल्या खात्यावर चालू असलेल्या फोनची यादी दिसते. त्यातून जुना फोन साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. बँकेत जाऊन सांगा आणि खात्याच्या मेसेजवर लक्ष ठेवा. आधारचे अंगठ्याचे ठसे एमआधार ॲपवरून कुलूपबंद करता येतात, मदतीसाठी १९४७ हा नंबर आहे. पण लक्षात ठेवा, ठसे बंद असताना रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे अंगठा चालत नाही. तेवढ्यापुरतं कुलूप उघडून पुन्हा लावावं लागतं. फोन हरवला किंवा चोरीला गेला असेल तर पोलिसात तक्रार देऊन 'संचार साथी'वर तो बंद करता येतो. आणि पैसे गेलेच तर वाट न बघता लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

गटाचा ठराव

कागद गटाचे असतात, पण फोन एका सचिव ताईचा असतो. सगळा भार तिच्या एकटीवर टाकणं बरोबर नाही. म्हणून आम्ही बैठकीत ठराव घेतला, तोच वाचून दाखवतो.

काम झालं की सदस्यांच्या कागदांचे फोटो त्याच महिन्यात फोनमधून पुसायचे. दवाखान्याचे कागद फोनमध्ये ठेवायचेच नाहीत. ते बघायचे आणि परत द्यायचे. ज्या फोनमध्ये गटाचं काम झालं, तो विकण्याआधी, बदलण्याआधी किंवा दुरुस्तीला देण्याआधी बैठकीत सांगायचं. मेमरी कार्ड दोघींच्या समोर कापायचं. कापल्याची तारीख, वस्तू आणि दोघींच्या सह्या ठराव वहीत घ्यायच्या.

या ठरावाची सूचक कोण होती सांगू? ज्यांचे रिपोर्ट गेले, त्याच ताई. मधल्या दोन बैठकांना त्या आल्या नव्हत्या. आम्ही घरी गेलो, चूक झाली हे मान्य केलं, आणि पुढे काय करणार ते सांगितलं. तिसऱ्या बैठकीला त्या आल्या. सचिव ताईंनी नव्या फोनचं जुनं कार्ड काढून त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी अडकित्ता घेतला, फडकं धरलं आणि तुकडे केले. ठराव वहीत पहिली सही त्यांची आहे.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढं एक काम करा. आपापल्या घरात कपाटावर, पेटीत, माळ्यावर किती जुने फोन आणि कार्डं पडलीत ते मोजा आणि वहीत लिहा. आणि गल्लीत भोंगा वाजला, तर आधी फोनचं मागचं झाकण उघडून बघा. घमेलं काय, बाजारातही मिळतं.

येतो आम्ही. रामराम.